लोटननानांचा शेरा

लोटननाना माझ्या घरी पहिल्यांदा आले ते खांद्यावर दहा फुटी लोखंडी पाईप घेऊन. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. "गच्चीचा जिना कुठे?" एवढं विचारलं आणि वर गेले. मागोमाग तसाच दुसरा पाईप घेऊन एक माणूस वर गेला. तासाभराने खाली येऊन म्हणाले, "लावा आता टीव्ही."

मी लावला. आठ महिने आमच्या टीव्हीवर मुंग्याच मुंग्या दिसत होत्या. त्यातून पहिल्यांदाच माणसाचं तोंड दिसलं, आणि तेही एकच. माझी बायको सुमन आनंदाने टाळ्या वाजवायची बाकी राहिली होती. नानांना मात्र समाधान नव्हतं. छताकडे बघत ते पुटपुटले, "अजून एक पाईप लागेल."

ते वर्ष एकोणनव्वद असावं. मी पिंपळनेरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. धुळ्याहून बदली होऊन आलो होतो आणि बदलीचा राग अजून उतरला नव्हता. लोटननाना पंचायत समितीचे हातपंप मेकॅनिक. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडचे सगळे डोंगरपाडे त्यांच्याकडे. आमच्या शाळेचा पंप दुरुस्त करताना शिपायाकडून त्यांना कळलं होतं, की नव्या मास्तरांकडे टीव्ही आहे पण दिसत नाही. पंपातून निघालेले, आट्या झिजून जोडायच्या कामाचे न राहिलेले दोन पाईप त्यांनी माझ्या ॲंटेनासाठी साहेबांना विचारून आणले होते. मी फुकटचं काही घेत नाही, असं जरा तोऱ्यातच सांगितलं. ते म्हणाले, फुकट कुठे, दर रविवारी सकाळी अर्धा तास मी तुमच्याकडे बसणार.

बसणार कशासाठी, तर 'शून्य चौकी' बघायला.

ही मालिका आता कुणाला आठवत नाही, आणि न आठवण्यात कुणाचं नुकसान नाही. हिंदी होती. दूरच्या कुठल्याशा ग्रहावर बारा माणसांची एक चौकी. माणसं चंदेरी कापडाचे कपडे घालून प्लायवूडच्या भिंतींसमोर उभी राहायची आणि बटणं दाबायची. विज्ञानाच्या मास्तराने तर ती बघूच नये. मी पहिल्याच भागाला नाकं मुरडली. यान वळताना आवाज येत होता. हवाच नाही तिथे आवाज कसला, असं मी म्हणालो. नाना म्हणाले, "सर, आवाज नसता तर माझ्यासारख्याला यान वळलं हे कळलं असतं का?"

नानांचं प्रेम यानावर नव्हतंच. त्या चौकीत बख्शी नावाचा एक जाडगेला माणूस होता. कमरेला पाने-पक्कड लावलेला पट्टा, कपाळावर घाम. त्याचं काम चौकीला पाणी पुरवायचं. बाकीचे अकरा जण विश्वाची चिंता करत, हा पंपाची. नाना त्याच्यावर खूष होते. पंपवाल्याला टीव्हीवर कोण दाखवतं, असं ते मला पुन्हा पुन्हा सांगायचे.

नाना दिसायला बुटके, सावळे, अंगाने कसलेले. खाकी शर्ट, वरच्या खिशात डायरी, सायकलच्या दांड्याला सुतळीने बांधलेला पाईपपाना. रविवारी मात्र खाकी नसायचं. आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, मालिकेच्या आधी पंधरा मिनिटं हजर. पहिले दोन रविवार ते उंबऱ्याशी बसले. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाले, इथून ॲंटेना दिसतो, वारा आला तर लगेच उठता येतं. हे खरं कारण नव्हतं. आमच्या गावात कोण कुठल्या घरात कुठवर येतं, याचे नियम कुणी लिहून ठेवले नव्हते, पण ते सगळ्यांना पाठ होते. तिसऱ्या रविवारी सुमनने चहाचा कप खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवला आणि आतूनच हाक मारली, "नाना, चहा गार होतोय." ते उठून खुर्चीवर बसले. त्यानंतर ती खुर्ची रविवारी नानांची असायची, मी पलंगावर.

आता त्यांच्या डायरीचं सांगतो. प्रत्येक पंपाची दुरुस्ती नाना त्यात लिहीत. गाव, तक्रार, काय केलं आणि शेवटी शेरा. शेरे तीनच. 'चालू', 'बंद' आणि 'चालू, पण गळती'. त्याच डायरीच्या मागच्या पानांवर त्यांनी 'शून्य चौकी'च्या भागांचा हिशेब ठेवला होता. मला पहिल्यांदा सापडला तेव्हा मी पोट धरून हसलो. त्यातल्या काही नोंदी मला अजून पाठ आहेत.

भाग ३. तक्रार: दरवाजे आपोआप उघडतात, बिजागरी दिसत नाही. शेरा: चालू.

भाग ७. तक्रार: बारा माणसांना संडास नाही. शेरा: चालू, पण गळती.

भाग ११. लाईट गेली. शेरा: तपासता आला नाही.

सातव्या भागाची तक्रार त्यांनी डायरीत ठेवली नाही, पोस्टकार्डावर लिहून थेट मालिकावाल्यांना पाठवली. पत्र मला वाचून दाखवलं. अत्यंत अदबीने लिहिलं होतं, की सांडपाण्याची व्यवस्था दाखवली नाही तर लहान मुलांना वाटेल अंतराळात त्याची गरजच पडत नाही. मी म्हणालो, नाना, तिकडे कुणी वाचणार नाही. महिन्याभराने उत्तर आलं. उत्तर म्हणजे छापील कार्ड होतं. 'आपल्या प्रेमाबद्दल धन्यवाद' आणि खाली बाराही नटांचा फोटो. नाना हरखले. ते कार्ड त्यांनी हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. पाडोपाडी पेटी उघडली, की बख्शी हसताना दिसायचा. डोंगरातल्या बायका विचारायच्या, हे कोण? नाना सांगायचे, आमच्या खात्यातलेच आहेत.

त्यांची दुसरी खोड म्हणजे तो जास्तीचा पाईप. बोअरमध्ये सहा पाईप पुरतात असं साहेबांनी ठरवलं, की नाना सात उतरवायचे. यावरून बोलणी खायचे. साहेब म्हणत, लोटन, तुला पाईप काय फुकट मिळतात का, दिसला की घालतोस. उन्हाळ्यात बाकीच्यांचे पंप कोरडे पडत आणि नानांचे चालत, तेव्हा साहेब विषय बदलत. मी एकदा विचारलं, नाना, एवढा हट्ट कशाला? ते म्हणाले, "पाईप कमी पडला ना सर, की मग सांगायला तोंड राहत नाही." मला वाटलं, साहेबांना सांगायला.

अठराव्या भागाच्या दिवशी सगळं जुळून आलं होतं. लाईट होती, वारा नव्हता, चित्र स्वच्छ. त्या भागात चौकीचं पाणी तुटतं. पाण्याचा पंप एका खोल खड्ड्याच्या तळाशी. वरची वीज बंद पडते, म्हणून खड्ड्यातच, मधल्या कट्ट्यावर, जनरेटर उतरवतात. नाना पुढे सरकून म्हणाले, बरोबर, वरून ओढणार नाही. मग पंप अडकतो. बख्शी जनरेटर बंद करतो आणि दोरीला बांधून एक डबी खाली सोडतो. हवा वाईट असेल तर डबीवर लाल दिवा, चांगली असेल तर हिरवा. डबी वर येते. हिरवा दिवा. बख्शी खाली उतरतो.

तो वर येत नाही. दोर ओढतात, हाका मारतात, शेवटी चौकीचा कप्तान खड्ड्याच्या काठावर गुडघ्यावर बसतो आणि म्हणतो, "किसी की ग़लती नहीं थी." संगीत सुरू होतं आणि नावं वर सरकू लागतात.

सुमनने पदराने डोळे पुसले. नाना तसेच बसून होते. चहावर साय धरली होती. मग ते बोलू लागले, ते नेहमीसारखंच, पंपाची तपासणी सांगावी तसं. दोराची गाठ बरोबर होती. उतरताना बख्शी आधी पायाने चाचपतो आणि मग भार टाकतो, ते बरोबर. कट्ट्याची उंची बरोबर. हा भाग कुणीतरी खाली उतरलेल्या माणसाने लिहिला आहे, आजवर इतका चांगला भाग झाला नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पण सर, दिवा हिरवा कसा काय लागला?"

आता इथे मला गप्प बसता आलं असतं. पण मास्तर माणूस; कुणी विचारलं, की माझ्या जिभेला धीर धरवत नाही. मी ऐटीत सांगायला लागलो. म्हटलं, नाना, आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडतात ना, तसंच आहे ते. खाली प्राणवायू कमी असेल, जड वायू साचला असेल, तर कंदील विझतो. पण इंजिनाच्या धुरात एक वेगळा वायू असतो. कार्बन मोनॉक्साईड. त्याला रंग नाही, वास नाही. तो माणसाच्या रक्तात भिनतो. त्यात दिवा मजेत जळत राहतो, माणूस मात्र मरतो. त्यांनी खड्ड्यात जनरेटर चालवला होता, तिथेच घात झाला.

"कंदीलसुद्धा विझत नाही?"

"नाही."

"पेटलेला वर येतो?"

"येऊ शकतो."

नाना उठले. दारातून बाहेर पडले, सायकल घेतली आणि गेले. चपला आमच्या पायरीवर राहिल्या. डायरी खुर्चीवर राहिली. मी उघडून पाहिली. 'भाग १८' एवढं लिहिलेलं होतं. तक्रार कोरी, शेरा कोरा. सुमन म्हणाली, तुम्ही काहीतरी लागेलसं बोललात. मी म्हणालो, मी फक्त विज्ञान सांगितलं.

ते बुधवारी संध्याकाळी आले. शाळा सुटली होती, मी ओट्यावर वह्या तपासत होतो. पायरीवरच बसले. माझ्याशी ते नेहमी शहरी मराठीत बोलत. त्या दिवशी पहिलं वाक्य अहिराणीत आलं.

"सर, मी कंदील सोडा व्हता."

मग त्यांनी सांगितलं ते असं. नानांना एक धाकटा भाऊ होता, सुपडू. पिंपळनेरपासून चार कोसांवर दोघांचं सामाईक शेत आणि विहीर. मोठ्या दुष्काळाच्या साली विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं, की वर ठेवलेलं इंजिन ते ओढेना. म्हणून नानांनी, जे तेव्हा इंजिनांची कामं करत, विहिरीत मध्येच दगडी कट्टा करून इंजिन तिथे उतरवलं. गावात सगळे तसंच करत. एके सकाळी उजाडल्यापासून इंजिन चालू होतं, आणि पाणी यायचं थांबलं. तळाच्या व्हॉल्व्हमध्ये गाळ अडकला होता. नानांनी इंजिन बंद करवलं. दोराला बांधून कंदील सोडला. कंदील पेटलेला वर आला. सुपडू उतरला. नानांच्या हातात दोर होता. खालून दोनदा हिसका आला, तिसऱ्यांदा आला नाही. नाना उडी घालायला निघाले तर ओरडा ऐकून धावत आलेल्या चौघांनी धरून ठेवलं.

लोकांनी पहिला प्रश्न विचारला, कंदील सोडला होता का? नाना म्हणाले, सोडला होता. पण कंदील पेटलेला वर यावा आणि माणूस मेलेला, हे त्या पंचक्रोशीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. कंदील सोडताना काठावर दोघे भाऊच होते, तिसरं कुणी नाही. तोंडावर कुणी खोटारडा म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. घाई केली असणार, आता म्हणतोय सोडला होता, एवढं ज्याने त्याने आपापल्या मनात धरलं.

सुपडूची बायको विमलबाई. मुलगा गौतम तेव्हा दोन वर्षांचा. ती मुलाला घेऊन घराच्या आपल्या अर्ध्या भागात राहू लागली. आमच्याकडे भावजय जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, डोक्यावरचा पदर पुढे ओढते आणि त्याच्याशी सरळ बोलत नाही, ही रीतच. त्यामुळे पुढची सोळा वर्षं विमलबाई नानांशी एक शब्द बोलली नाही, यात गावाला काही वावगं दिसलं नाही. ती रीत पाळत होती, की तिने नानांशी बोलणंच टाकलं होतं, हे कुणी सांगू शकत नव्हतं. नानाही नाही. तिचं शेत नांगरून देत, गौतमची फी भरत, आणि तिच्या अंगणात उभे राहिले, की पाण्याला कुणी विचारत नसे.

"लोक सोडा सर," नाना म्हणाले, "सोळा वर्षांत मलाच वाटायला लागलं, की सोडलाच नसेल मी कंदील. रात्री... जाऊ द्या."

मला भरून आलं, आणि आनंदही झाला, हे कबूल करतो. म्हटलं, नाना, मग सुटलात तुम्ही. तुम्ही खोटं बोलला नव्हता. मी स्वतः येतो, विमलबाईंना समजावून सांगतो. पुस्तक दाखवतो.

नानांनी मान हलवली. "अर्धाच सुटलो."

इंजिनाचा धूर विहिरीच्या बाहेर काढायला सायलेन्सरला पाईप जोडत. त्या विहिरीला सहा पाईप लागत होते. नानांकडे चारच होते. बाकीचे दोन आणायला साक्रीला जावं लागलं असतं, एक दिवस मोडला असता, आणि पिकाला पाणी हवं होतं. नाना तेव्हा म्हणाले होते, चालतं. धूर विहिरीतच सुटत होता. सगळ्यांचे डोळे चुरचुरत, कुणी काही बोललं नाही.

"भाग चांगला होता सर," ते म्हणाले. "पण त्यांनी जनरेटरचं नाव काढलं नाही. किसी की गलती नहीं म्हणाले, आणि नावं सरकवली. त्या बख्शीच्या घरी कुणी काय सांगितलं असेल?"

यावर मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, नाना, कंदिलाचं तेवढं सांगा. पाइपांचं सांगू नका. सोळा वर्षं झाली, कुणी विचारलेलं नाही, तुम्हालाही तेव्हा ठाऊक नव्हतं. मुलांना खरं बोला म्हणून फळ्यावर सुविचार लिहिणारा मी, त्या माणसाला अर्धंच सांगा म्हणालो. नानांनी वाद घातला नाही. म्हणाले, रविवारी याल का बरोबर? वायूचं नाव मला नीट उच्चारता येणार नाही.

त्या रविवारी एकोणिसावा भाग होता. आम्ही तो पाहिला नाही. सायकली काढल्या आणि गेलो.

विमलबाई अंगणात बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. नानांना पाहताच पदर पुढे आला आणि त्या अर्धवट पाठमोऱ्या झाल्या. गौतम, अठरा वर्षांचा, उंचापुरा, दाराला टेकून उभा. बाज टाकली, पण नाना बसले नाहीत. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कंदील सोडला होता, तो पेटलेला वर आला होता. सर सांगतात की असं होऊ शकतं. मग क्षणभरही न थांबता पाइपांचं सांगितलं. सहा लागत होते, चार लावले, चालतं म्हणालो तो मीच. आवाज कुठे चढला नाही, रडले नाहीत. मी वायूचं नाव सांगितलं. शेंगा फोडायचा आवाज एवढा वेळ थांबला नव्हता. मग थांबला.

विमलबाईंनी माझ्याकडे तोंड करून विचारलं, "मास्तर, त्यासले तरास झाया व्हई का?"

एवढंच. कंदील नाही, पाईप नाही. सोळा वर्षं त्या बाईला एवढंच विचारायचं होतं, की खाली त्याला त्रास झाला असेल का, आणि विचारायला माणूस नव्हता. मी सांगितलं, की या वायूत आधी डोकं जड होतं, मग गुंगी येते, आणि माणूस झोपेतच जातो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं आणि ते खरंच असू दे, असं सांगताना मनात म्हणत होतो.

त्या उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात पाण्याचे दोन पेले होते. एक माझ्यासमोर ठेवला. दुसरा नानांसमोर जमिनीवर ठेवला, आणि पुन्हा शेंगांपाशी जाऊन बसल्या. नानांनी पेला उचलला आणि उभ्यानेच, एका दमात, तळाशी थेंब न ठेवता पाणी प्यायलं. गौतम दारापासून हलला नाही. त्याने माफ केलं की नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही.

परतताना नानांनी वाटेत सायकल उभी केली, माझ्याकडून डायरी मागून घेतली आणि सीटवर ठेवून लिहिलं. भाग १८. तक्रार: जनरेटरचा धूर वर काढला नाही. शेरा: चालू. दोन पाईप कमी.

हेच त्यांनी मालिकावाल्यांनाही कळवलं, आणि वर विनंती केली, की पुढच्या एखाद्या भागात त्या वायूचं नाव सांगावं, कारण विहिरींवर इंजिन चालवणारे लोकही बघतात. महिन्याभराने उत्तर आलं. तेच छापील कार्ड, तोच फोटो, मेलेला बख्शी मधोमध हसतोय. मी संतापलो. नाना म्हणाले, जाऊ द्या, त्यांनी भाग केला तेवढं केलं. पुढचं आपण करू.

पुढचं म्हणजे दोर. खाली गाळ काढायचा आहे, विहीर खोल करायची आहे असं कुठे कानावर आलं, की नाना सायकल घेऊन तिथे हजर. आज विहिरीत इंजिन चाललं का, हे विचारायचे. चाललं असेल तर उतरायचा दोर गुंडाळायचे, कॅरिअरला लावायचे आणि घरी घेऊन जायचे. उद्या सकाळी आणतो, म्हणायचे. सकाळी दोर घेऊन येत, हवा हलावी म्हणून कडुलिंबाची मोठी फांदी दोराला बांधून तासभर विहिरीत वर-खाली करायला लावत, मग कंदील, मग माणूस. शेतकरी वैतागत. मजूर आज आलेत, उद्या येणार नाहीत, दिवस मोडतो. शिव्याही देत. कुणी शेजाऱ्याचा दोर आणला, की नाना तोही गुंडाळत. त्यांच्या घरात खुंट्यांवर चार-चार गावांचे दोर लटकलेले मी पाहिले आहेत. लोक त्यांना दोरवाले नाना म्हणू लागले, आणि त्यात सगळं कौतुकच होतं असं नाही.

मीही थोडा सुधारलो. चौदा वर्षं मी मुलांकडून 'रंगहीन, गंधहीन, विषारी वायू' एवढं घोकून घेत होतो. आमच्या निम्म्या मुलांच्या घरी विहीर होती आणि मी विहिरीचं नाव एकदाही काढलं नव्हतं. त्या वर्षापासून काढायला लागलो.

'शून्य चौकी' सव्विसाव्या भागाला संपली. माझी बदली पुन्हा धुळ्याला झाली. निघताना ॲंटेनाचे पाईप काढायला नाना आले आणि ते परत घेऊन गेले. सरकारी आहेत, म्हणाले. पुढची काही वर्षं त्यांचं पोस्टकार्ड यायचं. तब्येत: चालू, पण गळती. एवढाच मजकूर आणि खाली सही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका एप्रिलमध्ये. जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला पिंपळनेरला गेलो होतो. नानांच्या घराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, शेतावर गेलेत. कुणाच्यातरी मोटारसायकलवर बसून तिकडे गेलो.

तीच विहीर. वीज दिवसाला चार तास, म्हणून इंजिन पुन्हा खाली उतरवलेलं होतं. धुराचा पाईप मात्र काठाच्या वर माणूसभर उंच निघालेला होता. सकाळी इंजिन चाललं होतं. व्हॉल्व्हमध्ये गाळ अडकला होता. गौतम आता दोन मुलांचा बाप, दंडाला घाम, तावात. तीन मजूर बाभळीखाली बसलेले. नाना रिटायर होऊन खूप थकले होते. विहिरीच्या काठावर काठी घेऊन बसले होते आणि दोर मागत होते. गौतमचं म्हणणं, पाईप पुरेसा वर काढलाय, कंदील सोडलाय, तो पेटलेला वर आलाय, आता काय अडचण? आणि दोर सापडत नाही म्हणत होता, जो त्याने लपवलाय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. नाना वाद घालत नव्हते. नुसता हात पुढे करून बसले होते.

विमलबाई भाकरी घेऊन बांधावरून येत होत्या. त्यांनी टोपली ठेवली. काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. खोपीत गेल्या, कडब्याच्या पेंढ्या बाजूला केल्या आणि दोर बाहेर काढला. तिथेच उभं राहून तो कोपरावर नीट गुंडाळला. मग विहिरीच्या काठाशी आल्या. डोक्यावर पदर होता, पण तोंड झाकलेलं नव्हतं. नानांच्या समोर उभ्या राहून त्यांनी दोर त्यांच्या हातावर ठेवला.

"नाना, हाऊ लई जा. सकायच लई या."

घेऊन जा, उद्याच घेऊन या. मी ऐकलेलं त्यांचं नानांशी सरळ बोललेलं हे एकमेव वाक्य. नानांनी वर पाहिलं. उठले, दोर सायकलच्या कॅरिअरला लावला, क्लिप नीट बसली का ते दोनदा ओढून बघितलं आणि सायकल हातात धरून बांधाने चालू लागले. गौतमने मजुरांना उद्या या म्हणून सांगितलं.

त्या दिवशी विहिरीत कुणी उतरलं नाही.